नाव न सांगता गेलेल्या माणसांचे आभार

माझ्या मुलाच्या मांडीच्या हाडात, गुडघ्याजवळ कॅन्सर निघाला. ऑस्टिओसार्कोमा. वाढत्या वयातल्या पोरांना होणारा, पण क्वचितच दिसणारा आजार.

सगळ्यांत आधी आभार खानापुरात एक्स-रे काढणाऱ्या दादांचे. फिल्म बघून ते म्हणाले, "ताई, आता तेल लावून चोळू नका. इथं कुठं तुकडाही काढू देऊ नका. थेट मुंबईला, टाटाला न्या." त्या तीन वाक्यांचं मोल परळला कळलं. बायोप्सीची, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढायची सुई जिथून जाते तो मार्गही पुढं गाठीबरोबर कापून काढावा लागतो. म्हणून ती जागा ऑपरेशन करणाऱ्या सर्जननंच ठरवायची असते. भलतीकडून छेद गेला असता तर पाय वाचवणं अवघड होतं. आज आत धातूचा सांधा आहे, पण पाय त्याचाच आहे.

बेळगावात आमची कानडी कागदपत्रं रातोरात इंग्रजीत करून देणाऱ्या वकीलबाई, तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. प्लेटलेट्स उतरल्या तेव्हा धावत आलेली निपाणीची पोरं, तुमची नावंही विचारायची राहिली. आणि दादरच्या धर्मशाळेतल्या मावशी! मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधानं त्याचं तोंड सोलून निघालं, तेव्हा तुम्ही मऊ भात कालवून घास घास भरवलात.

हा आजार पसरला तर बहुधा फुफ्फुसात जातो, म्हणून दर तपासणीला छातीही बघतात. परवाचा रिपोर्ट स्वच्छ आला. तुम्हा सगळ्यांना हे कळावं म्हणून लिहिलं.