‘फ्रँकेन्स्टाइन’: कादंबरीतले पाप आणि पडद्यावरची बरणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या भयपटांवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात ‘फ्रँकेन्स्टाइन’चे वर्णन गुन्हेगाराच्या मेंदूमुळे ओढवलेला अनर्थ असे केले आहे. जेम्स व्हेल यांच्या १९३१ सालच्या चित्रपटापुरते ते बरोबर आहे. परंतु मेरी शेली यांच्या १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत अशा मेंदूचा मागमूसही नाही. दुष्टपणा माणसात येतो कुठून, या प्रश्नाला दोन्ही कृतींनी दिलेली उत्तरेच वेगळी आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

चित्रपटात शास्त्रज्ञ घडवत असलेल्या कृत्रिम जीवासाठी त्याचा मदतनीस फ्रिट्झ निरोगी मेंदूची बरणी चोरताना दचकतो, ती त्याच्या हातून पडून फुटते आणि तो शेजारची, गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी घेऊन पळतो. पुढे जे काही घडते त्याचा दोष अशा रीतीने आधीच एका बरणीत बंद होतो. कादंबरीत ही सोय नाही. तिथे व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन जवळजवळ दोन वर्षे खपून एक जीव घडवतो आणि त्या जीवाने डोळे उघडताच त्याच्या रूपाला भिऊन पळून जातो. त्या जीवाला तो नावसुद्धा देत नाही. हा निनावी जीव एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून लपून राहतो, त्यांचे बोलणे ऐकून भाषा शिकतो, मिल्टनचे काव्य वाचतो, त्या घरात अन्नाची चणचण आहे हे कळताच त्यांचे अन्न घेणे थांबवतो आणि रात्री त्यांच्यासाठी सरपण गोळा करून ठेवतो. घरातला अंध म्हातारा त्याच्याशी प्रेमाने बोलतो. ज्यांना डोळे आहेत, ते त्याला काठीने झोडपतात.

त्यानंतरचा एक प्रसंग चित्रपटाशी ताडून पाहण्यासारखा आहे. कादंबरीत हा जीव नदीत बुडणाऱ्या मुलीला वाचवतो आणि त्याबद्दल त्याला बंदुकीची गोळी खावी लागते. चित्रपटात तो पाण्यावर फुले सोडणाऱ्या लहान मुलीशी खेळतो आणि फुले संपल्यावर, तीही फुलासारखी तरंगेल अशा समजुतीने, तिला पाण्यात टाकतो. त्या जीवाची भूमिका करणाऱ्या बोरिस कार्लोफ यांचा त्या क्षणीचा गोंधळलेला, घाबरलेला चेहरा पाहिल्यावर तो गुन्हेगाराचा मेंदू खोटा वाटू लागतो, आणि चित्रपटाचे खरे मोठेपण मला तिथेच दिसते. पुढे सेन्सॉरने मुलीला पाण्यात टाकण्याचा क्षणच कापला आणि अनेक दशके प्रेक्षकांना फक्त तिच्याकडे वळलेले हात आणि नंतर बापाच्या हातातले तिचे प्रेत एवढेच दिसत राहिले. मधले काय ते ज्याने त्याने आपल्या मनाने भरले, आणि ते मूळ दृश्यापेक्षा भयंकर असणार हे उघड आहे.

कादंबरी या जीवाला निर्दोष ठरवते, असे मात्र मी म्हणत नाही. तो व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा, विल्यमचा, गळा आवळतो. मुलाच्या गळ्यातली तसबीर त्या घरातली नोकर जस्टिन हिच्या कपड्यांत नकळत ठेवतो आणि तिच्यावर आळ येईल हे त्याला पुरते ठाऊक असते. पण खुनी कोण हे ओळखूनही व्हिक्टर न्यायालयात बोलत नाही. लोक आपल्याला वेडा समजतील, ही त्याची सबब. जस्टिनकडून धर्मगुरू नरकाची भीती घालून कबुली वदवून घेतो आणि ती फासावर जाते. संपूर्ण पुस्तकात मला सर्वांत अस्वस्थ करणारी ही पाने आहेत, कारण इथे तथाकथित राक्षसाने सुरू केलेले काम सुशिक्षित, प्रेमळ, घरंदाज माणसे आपापल्या गप्प बसण्याने पुरे करतात. चित्रपटात जस्टिन नाहीच. ती गाळल्यावर दुष्टपणा फक्त शिवणीच्या चेहऱ्यापुरता उरला, आणि जळत्या पवनचक्कीत त्याला संपवून शास्त्रज्ञाच्या वडिलांना मुलाच्या संसारासाठी आनंदाने पेला उंचावता आला.

कादंबरीचा शेवट उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात होतो. व्हिक्टरच्या प्रेताशेजारी उभा राहून तो निनावी जीव आपल्या खुनांबद्दल स्वतःचा धिक्कार करतो आणि त्याच वेळी विचारतो, की सगळ्या मानवजातीने माझ्याशी पाप केले असताना गुन्हेगार मी एकटाच कसा? या प्रश्नाची दखल घेणारा, कादंबरीच्या बाजूने लिहिलेला एखादा लेखही आपण छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक