शर्यतींतले छोट्या इंजिनांचे क्लास असे एका फटक्यात बंद करू नका

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

कुर्ल्याला माझं गॅरेज आहे. मागच्या आठवड्यात पुतण्याच्या कार्टचं, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीचं, इंजिन तेल लावून, प्लगच्या भोकात फडकं कोंबून माळ्यावर ठेवलं, तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. पोराने दोन वर्षं पैसे साठवून सेकंडहँड टू-स्ट्रोक घेतलं, पिस्टन-रिंग मी स्वतः बदलले, आणि सीझनच्या तोंडावर कळलं की तो क्लासच, म्हणजे त्या इंजिनांचा शर्यतीतला गटच, काढून टाकलाय, नवीन इंजिन घ्या नाहीतर घरी बसा.

उमेदवारीत असताना मी फॉर्म्युला मारुती या शर्यतीच्या गाड्यांच्या एका टीमबरोबर हेल्पर म्हणून मद्रासजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर जायचो, दादरहून मद्रासची गाडी, सोबत टूलबॉक्स आणि गोणपाटात बांधलेलं स्पेअर हेड. गाडी एकाच सीटची, खास शर्यतीची असली तरी आत इंजिन मारुती 800 चंच, 796 सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे पार्ट कुठेही मिळणार. एकदा शनिवारी रात्री हेड गॅस्केट उडालं, ते गावातल्या मारुतीवाल्याकडून आणून पहाटेपर्यंत बसवलं, फिलर गेज घेऊन टॅपेट सेट केले आणि सकाळी गाडी ग्रिडवर उभी. नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक दोघंही हीच गाडी चालवून पुढे गेले, एक 2005 ला एफ-वनमध्ये पोचला, दुसरा 2010 ला. पुढे 1300 सीसीचे क्लास आले, वेग वाढला, ते चांगलंच झालं, पण 800 ची स्वस्तातली पायरी गेली ती गेलीच.

युरोपातही तेच. 100 सीसीच्या कार्टला ना क्लच ना स्टार्टर, मेकॅनिकने मागून धावत ढकलायचं. सरळ पट्ट्याच्या शेवटी ड्रायव्हर एक हात सोडून एअरबॉक्सचं, म्हणजे हवा आत घेणाऱ्या डब्याचं, तोंड दाबायचा, म्हणजे मिश्रण रिच व्हायचं (हवा कमी, ऑइल मिसळलेलं पेट्रोल जास्त), पिस्टनला ऑइल मिळायचं आणि इंजिन सीझ व्हायचं, म्हणजे जाम होऊन बसायचं, टळायचं. इंजिनाचं मन ओळखायला यापेक्षा चांगली शाळा मी बघितलेली नाही! पुढे एफ-वनचा चॅम्पियन झालेला लुईस हॅमिल्टन 2000 ला याच 100 सीसीवर, कार्टिंगच्या फॉर्म्युला ए क्लासमध्ये, युरोपचा चॅम्पियन झाला. 2007 ला हे क्लास बंद करून क्लच-स्टार्टरवाली 125 सीसीची केएफ इंजिनं आणली, ती जड आणि खर्चिक, शेवटी 2016 ला ओके नावाने परत बिनक्लचचीच इंजिनं आली. मधल्या नऊ वर्षांत ज्यांनी जुनी इंजिनं भंगारात काढली त्यांचं काय?

माझं आयोजकांना कळकळीचं मागणं आहे, क्लास बंद करायचाच असेल तर दोन सीझन आधी सांगा, आणि जुन्या इंजिनांना त्याच दिवशी वेगळं बक्षीस ठेवून पळू द्या. आपल्या कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, फाउंड्री आहेत, सिलिंडर बोअर करणारे कसबी हात आहेत, मुंबईची पोरं रात्रीच्या गाडीने सकाळी तिथे पोचतात.

रविवारी माझं गॅरेज बंद असतं, मी मोकळा असतो. ज्यांच्याकडे अशी इंजिनं पडून आहेत त्यांनी खुशाल घेऊन यावीत, मी उघडून बघतो, मजुरी नको.

– एक गॅरेजवाला, कुर्ला, मुंबई