सांता बार्बरावरच्या लेखात चुमाश लोक कुठे आहेत?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लॉस एंजेलिस ते सांता बार्बरा रोड ट्रिपचा लेख वाचला. फोटो छानच आहेत, पण मिशनच्या, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांच्या धर्मप्रसार केंद्राच्या, इमारतीवर दोन परिच्छेद आणि ज्यांच्या जमिनीवर, ज्यांना राबवून ती उभी राहिली त्या चुमाश या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं नावसुद्धा नाही, हे बघून खरंच वाईट वाटलं. मालिबूपासून सॅन लुइस ओबिस्पोच्या वरपर्यंतचा किनारा आणि समोरची बेटं त्यांचीच, मालिबू हे नावही त्यांच्या हुमालिवो गावावरून आलंय.

१७७२ ते १८०४ या काळात स्पॅनिश पाद्र्यांनी त्यांच्या मुलखात पाच मिशन काढली. एकदा बाप्तिस्मा झाला की आपल्या मर्जीने गावी परत जायची सोय नाही, पळून गेलं तर सैनिक धरून आणायचे आणि फटके द्यायचे, त्यात युरोपातून आलेल्या रोगांनी गावंच्या गावं ओस पडली. १८२४ मध्ये सांता इनेस मिशनमध्ये एका तरुणाला फटके मारले आणि तीन मिशनमध्ये उठाव झाला, ला पुरीसिमा मिशन तर चुमाशांनी जवळजवळ महिनाभर ताब्यात ठेवलं होतं.

त्यांच्या भाषेबद्दलही लिहायला हवं होतं. म्हणजे भाषांबद्दल, कारण त्या निदान सहा आहेत आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषाकुटुंबाशी त्यांचं नातं सिद्ध झालेलं नाही. मेरी यी या लहानपणापासून बार्बरेन्यो, म्हणजे सांता बार्बराकडची चुमाश भाषा, बोलणाऱ्या शेवटच्या बाई, त्या १९६५ मध्ये गेल्या. जॉन हॅरिंग्टन या भाषाअभ्यासकाने त्यांच्या आजीकडून, मग आईकडून आणि शेवटी त्यांच्याकडून भाषा उतरवून घेतली, पण त्या नुसत्या सांगत बसल्या नाहीत, स्वतः लिहायला शिकल्या आणि वह्या भरल्या. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. सांता इनेसकडच्या मारिया सोलारेस यांनी हॅरिंग्टनना जे सांगून ठेवलं त्याच्या जोरावर २००८ मध्ये सामाला या तिकडच्या चुमाश भाषेचा जाडजूड शब्दकोश निघाला आणि आज सांता इनेसचे चुमाश ती भाषा पुन्हा शिकतायत, त्यामुळे भाषा मेली असं कुणी लिहिलं तर ते चूक आहे.

आणि २००१ मध्ये त्यांनी स्वतः बांधलेल्या तोमोलमधून, म्हणजे फळ्या दोरीने शिवून डांबराने बुजवलेल्या होडीतून, वल्ही मारत सांता क्रूझ बेट गाठलं, तेही लेखात शोभलं असतं.

पुढचा भाग सॅन लुइस ओबिस्पोवर आहे असं छापलंय, त्यात तरी चुमाशांना जागा द्या.

आपली वाचक,
व्हेंचुरा, कॅलिफोर्निया