नर्सबाई पोचत नाही तिथे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाढत्या लोकसंख्येमुळे गरीब देशांची सुरक्षा कशी धोक्यात येते, हा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. धोका खराच आहे. पण तिसरे मूल झाले की रेशन बंद करा, हा त्यात सुचवलेला उपाय वाचून राहवले नाही. बीड जिल्ह्यात एकतीस वर्षे आरोग्य सेविका म्हणून उपकेंद्र सांभाळले, म्हणून लिहिते.

लेखात पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरचे उदाहरण आहे. हा देश 1960 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तिथे पस्तीस लाखांच्या आसपास माणसे होती, आज अडीच कोटींच्या वर आहेत. बहुतेक भूभाग सहारा वाळवंटाचा, पिकते ती दक्षिणेकडची पट्टी. चाळीस एकर पाच भावांत आणि मग त्यांच्या पोरांत वाटले की काय उरते, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. तिथे शेतकरी आणि गुराखी एकाच पाण्यावर येतात, आणि त्यांच्या भांडणात बंदुका पुरवणारे टपलेलेच असतात. 2016 मध्ये आपल्या लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. मिरजेहून रेल्वेने पाणी आले म्हणून निभावले.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 2023 मध्ये आफ्रिकेतल्या आठ देशांचा अहवाल काढला. अतिरेकी गटांत स्वतःहून गेलेल्यांपैकी चौथाई जणांनी मुख्य कारण सांगितले ते कामधंदा नसल्याचे. धर्म हे कारण सांगणारे 17 टक्के. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी आमच्याकडची पोरे हे वाचताना डोळ्यांपुढे आली.

लेखात एक गोष्ट मात्र आलीच नाही. नायजरमध्ये चारातल्या तीन मुलींची लग्ने अठराच्या आत होतात. शेजारच्या माली आणि बुर्किना फासोमध्ये हल्ल्यांमुळे हजारो शाळा बंद पडल्या, दवाखानेही बंद पडले. शाळा बंद झाली की मुलगी घरात, आणि घरात असुरक्षित वाटली की तिचे लग्न. हे मी इथेच पाहिले आहे. आईबाप उसाला सहा महिने कारखान्यावर जातात. वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिला उजवून टाकतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम त्या जोडीवर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, म्हणून मुलाकडचेही घाईत असतात. विसाव्या वर्षी दोन-तीन लेकरे घेऊन ती फडात उभी. तिला रेशन बंदची भीती घालून काय साधणार?

धाकाने काय होते तेही सांगते. 1976 मध्ये नसबंदीची जीप दिसली की माणसे ज्वारीत लपायची, असे आमच्या वरिष्ठ बाई सांगत. मी लागले तेव्हा सक्ती नव्हती, पण इतकी ऑपरेशने झालीच पाहिजेत असे टार्गेट होते. एका मार्चमध्ये मी एका घरी गेले तर सासूने सुनेला आतल्या खोलीत कोंडले. सून पाच महिन्यांची पोटुशी, नखे पांढरीफटक पडलेली. माझ्या पिशवीत तिच्यासाठी लोहाच्या गोळ्या होत्या. पण नर्स म्हणजे ऑपरेशन, एवढेच त्या घराला ठाऊक होते. गोळ्या मी ओट्यावर ठेवून आले. बाळाच्या लसीसाठी त्या घरात पाऊल टाकायला मला पुढे दीड वर्ष लागले. 1996 मध्ये टार्गेट गेले, तेव्हा कुठे बाया स्वतःहून तांबीविषयी विचारू लागल्या.

बांगलादेशात 1970 च्या दशकात बाईमागे सहाहून अधिक मुले होती, आज सुमारे दोन आहेत. तिथे आरोग्य सेविका गोळ्या घेऊन घरोघरी पायी फिरल्या. तरी 2024 मध्ये तिथलीच तरुण पोरे सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून रस्त्यावर उतरली आणि सरकार गेले. म्हणजे जन्मदर उतरला तरी आधी जन्मलेल्यांना काम द्यावेच लागते.

मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी दीड वर्ष कुणी आले नाही. उपकेंद्राला कुलूप होते. सुरक्षेच्या चर्चेत अशा कुलपांचाही हिशेब धरावा.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्याआधी ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृहे कोणकोणत्या गावांत खरोखर उघडली आहेत, याची बातमी आपल्या वार्ताहरांनी गावात जाऊन करावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, केज, जि. बीड