३/४ वजा १/३

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतचे वहीच्या पानांचे फोटो, दोन्ही सावकाश पाहिले. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी ३/४ − १/३ = २/१ असं लिहिलंय आणि आता समच्छेद, म्हणजे दोन्ही अपूर्णांकांचे छेद सारखे करून घेणं, पुन्हा पहिल्यापासून घ्यावा का, असं तू विचारलंयस. माझं मत विचारशील तर, समच्छेद दोन-चार दिवस बाजूला ठेव. आधी त्या २/१ कडेच मुलांना नीट बघू दे.

२/१ म्हणजे दोन. हातात एक पूर्णसुद्धा नव्हता, त्यातूनही काही काढून घेतलं, आणि उरले दोन! हे मुलांना खटकत नाही, कारण ३/४ ही एक संख्या आहे हे त्यांना अजून जाणवलेलं नाही. त्यांना रेघेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन सुट्या संख्या दिसतात. एककातून एकक, दशकातून दशक वजा करायला आपणच त्यांना शिकवलं, आणि तेच त्यांनी इथे वरून वर, खालून खाली असं इमानाने केलं. म्हणून त्या पानांवर लाल फुली मारू नकोस. फळ्यावर उत्तर लिही आणि एवढंच विचार : ‘सुरुवातीला एकापेक्षा कमी होतं की जास्त? काढल्यावर ते वाढेल की घटेल?’ मग गप्प राहा. वर्गात कुजबुज सुरू होईल, ती होऊ दे.

या विषयात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं ते सांगते. छेद म्हणजे भागांचं नाव आणि अंश म्हणजे त्या नावाचे भाग किती, ते. वजाबाकी होते ती भागांच्या मोजणीची, नावाची होत नाही. पाच पेन्सिलींतून दोन पेन्सिली काढल्या तर तीन पेन्सिलीच उरतात, तशीच ५/७ − २/७ ही वजाबाकी. पण मुलं ती ‘पाच छेद सात वजा दोन छेद सात’ अशी वाचतात, आणि त्या वाचनात सातही पाचाइतकाच मोजायचा आकडा होऊन बसतो. म्हणून पहिले काही दिवस फळ्यावर आडवी रेघच काढू नकोस. ‘५ सप्तमांश − २ सप्तमांश’ असं अक्षरांत लिही आणि तसंच वाचून घे. सप्तमांशातून सप्तमांश गेले की सप्तमांशच उरणार, हे सांगायची वेळ येत नाही. रेघ त्यानंतर आणावी, तेच लिहिण्याची छोटी पद्धत म्हणून.

मग ‘३ चतुर्थांश − १ तृतीयांश’ समोर ठेव. आता मुलं आपणहून अडतात, कारण नावं वेगळी आहेत. समच्छेदाची गरज त्यांना इथे भासते, आणि ती भासल्याशिवाय रीत देऊ नये.

कागदाच्या पट्ट्यांचं तू लिहिलंस ते छानच, पण पट्टीचे तीन सारखे भाग घडी घालून करणं लहान हातांना जमत नाही. भाग कमीजास्त होतात आणि मग कागदच खोटं सांगायला लागतो. १२ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या काप आणि मोजपट्टीने खुणा करून घे. १२ चे २, ३, ४ आणि ६ सारखे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात. प्रत्येक मुलाच्या सगळ्या पट्ट्या एकाच लांबीच्या हव्यात, याबाबत काटेकोर राहा. लहान पट्टीचा अर्धा आणि मोठ्या पट्टीचा अर्धा यांची तुलना झाली की सगळं शिकवणं वाया जातं. आता ३/४ ची पट्टी ९ सेंटिमीटर भरते, १/३ ची ४. एकाखाली एक ठेवल्या की ५ सेंटिमीटरचा फरक दिसतो. त्या ५ ला काय म्हणायचं? संपूर्ण पट्टी १२ ची, म्हणून ५/१२. लसावि हा शब्द अजून कोणी उच्चारलेलाही नाही आणि मुलांनी समच्छेद करून टाकलाय. पुढे अष्टमांश हवे झाले की २४ सेंटिमीटरची पट्टी घे.

क्रमाचं म्हणशील तर : आधी छेद सारखे, मग एक छेद दुसऱ्याच्या पटीत (५/६ − १/३ मध्ये एकच अपूर्णांक बदलावा लागतो, २/६ करून ३/६ म्हणजे १/२), आणि शेवटी ३/४ − १/६ सारखी उदाहरणं. या शेवटच्यात कोणी छेदांचा गुणाकार करून १४/२४ आणेल, कोणी ७/१२. दोन्ही बरोबर आहेत. १४/२४ ला अर्धे गुण देऊ नकोस. दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी लिही आणि ती एकच आहेत का, हे मुलांनाच ठरवू दे.

तिरक्या गुणाकाराची युक्ती (एकाचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणायचा, आणि खाली दोन्ही छेदांचा गुणाकार) मात्र आत्ता अजिबात देऊ नकोस, पालकांनी आग्रह धरला तरी. तिने उत्तर झटकन येतं हे खरं. पण छेदांचा गुणाकार का केला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि पुढच्या इयत्तेत अपूर्णांकांचा गुणाकार-भागाकार आला की मुलं कुठेही तिरके बाण काढत सुटतात. अर्थ पक्का झाल्यावर हीच युक्ती एखादं मूल स्वतः शोधून काढतं.

तोंडी कामाला रोज थोडा वेळ दे. १ − ३/८, १ − २/९ अशी ‘पूर्ण व्हायला किती कमी’ची उदाहरणं. मग ४ − २/५. इथे मुलं अडखळतात, कारण ४ ला छेदच नाही. हा प्रश्न जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीचा नियम दिला, तेव्हा ज्या संख्येला छेद नाही तिचा छेद १ मानावा हेही तिथेच सांगून ठेवलं. मुलांसाठी मात्र मला दुसरी वाट सोपी वाटते : चारातला एकच पूर्ण फोडायचा, त्याचे ५/५ करायचे, त्यातून २/५ काढायचे. उरले ३ पूर्णांक ३/५.

याच वाटेने ३ पूर्णांक १/४ − १ पूर्णांक ३/४ कडे जा. इथे दोन चुका हमखास दिसतील. एक, लहान अपूर्णांकातून मोठा जात नाही म्हणून उलटी वजाबाकी करून २ पूर्णांक २/४. दुसरी जास्त बोलकी : मूल एक उसना घेतं आणि १/४ चे ११/४ करतं. पूर्ण संख्यांत उसना घेतला की दहा मिळतात, ही सवय इथे आली. इथे उसना घेतलेल्या एकाचे चारच चतुर्थांश होतात, म्हणून ५/४. मग ५/४ − ३/४, उत्तर १ पूर्णांक २/४, म्हणजे दीड. उसना जमत नसेल त्याला संख्यारेषेवर चालू दे : १ पूर्णांक ३/४ पासून २ पर्यंत १/४, तिथून ३ पूर्णांक १/४ पर्यंत १ पूर्णांक १/४. दोन्ही उड्या मिळवल्या की तेच उत्तर. मला ही रीत उसन्यापेक्षा आवडते, कारण फरक म्हणजे दोन संख्यांमधलं अंतर, हे तिच्यात डोळ्यांना दिसतं.

शाब्दिक उदाहरणं निवडताना एक जागा सांभाळ. ‘३/४ मीटर फितीतून १/३ मीटर कापली’ आणि ‘३/४ मीटर फितीचा १/३ भाग कापला’ ही वाक्यं वरवर सारखी वाटतात. पहिल्यात ५/१२ मीटर उरते. दुसऱ्यात १/४ मीटर कापली जाते आणि अर्धा मीटर उरते. दोन्ही एकाच दिवशी द्यावीत आणि ‘१/३ कशाचा?’ एवढ्या एकाच प्रश्नावर तास घालवावा. हा तास चुकवू नकोस गं.

आणि एक गंमत, शुक्रवारच्या शेवटच्या तासासाठी. मुलांना विचार, ५/६ मोठा की ४/५? पुष्कळ जण दोन्ही सारखे म्हणतील, ‘दोघांनाही एकच भाग कमी आहे’. मग विचार, कमी असलेला तो भाग कोणाचा लहान? षष्ठांश पंचमांशापेक्षा लहान, म्हणून ५/६ पूर्णाच्या जास्त जवळ. फरक १/५ − १/६, म्हणजे १/३०. तिथून मागे जा : १/२ − १/३ = १/६, १/३ − १/४ = १/१२, १/४ − १/५ = १/२०. कोणीतरी ओरडेल की खालच्यांचा गुणाकार करायचा! लगेच १/२ − १/४ दे. गुणाकाराने १/८ येतं, पट्टी १/४ दाखवते. असं का झालं, यावर त्यांना भांडू दे. उत्तर तू सांगू नकोस.

पट्ट्यांचं काम झालं की त्याच मुलांना ३/४ − १/३ पुन्हा दे, आणि सोडवण्याआधी ‘अर्ध्याहून जास्त येईल की कमी?’ याचा अंदाज लिहून घे. ती पानं मला पाठव. ज्यांचा अंदाज चुकला त्यांची आधी, आणि त्यांनी काय कारण सांगितलं तेही त्यांच्याच शब्दांत लिहून.

तुझी,
विजू