इंद्र का पळाला? आमच्या बाईंना जाहीर पत्र

ती. बाईंना,
सा. न. वि. वि.

पत्र जाहीर लिहितेय, रागावू नका. घरी येऊन आभार मानायला लागले की तुम्ही चहा टाकायला उठता.

गणपतीत मुलांचं नाटक बसवायचं म्हणून मी आले, तेव्हा मला इंद्र-वृत्राची गोष्ट पाच मिनिटांत हवी होती. राक्षस पाणी अडवतो, वज्र बसतं, टाळ्या. तुम्ही सायणभाष्याचा, म्हणजे सायणाचार्यांच्या ऋग्वेदावरच्या टीकेचा, जाडजूड खंड मांडीवर घेतलात आणि ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं 32वं सूक्त काढलंत. ऋचा 15, त्याला आपल्या 8 संध्याकाळी गेल्या.

वृत्र म्हणजे झाकणारा, अडवून धरणारा. आणि तो अहि आहे, डोंगरावर पसरलेला सर्प. हात नाहीत, पाय नाहीत, तरी इंद्राला भिडतो. (त्याच रात्री शिंगांचे मुखवटे माळ्यावर गेले आणि ताडपत्री खाली आली.) "म्हणजे ढगच ना?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "निरुक्तकार यास्कांनी दोन्ही मतं नोंदवलीत. नैरुक्त, म्हणजे शब्दाची व्युत्पत्ती बघणारे, म्हणतात मेघ; ऐतिहासिक, म्हणजे जुन्या कथा धरणारे, म्हणतात देवांचा कारागीर त्वष्टा, त्याचा असुर मुलगा. तुला कसली घाई आहे?"

सहाव्या ऋचेत 'इंद्रशत्रु' आला तेव्हा तुम्ही गुडघ्यावर बोटाने उदात्त, म्हणजे उंच स्वर, वाजवून दाखवलात. कथेत यज्ञातून वृत्राला निर्माण करताना त्वष्ट्याला म्हणायचं होतं 'इंद्राला मारणारा'. आघात पहिल्या अक्षरावर पडला आणि अर्थ झाला 'इंद्र ज्याला मारणार तो'. शब्द तोच! मी घरी भाजी चिरताना दोन्ही म्हणून बघत होते.

नवव्या ऋचेला तुम्ही चष्मा काढलात. सुटलेलं पाणी हंबरणाऱ्या गायींसारखं समुद्राकडे धावतं, हे आधी येऊन गेलेलं. इथे वृत्राची आई दानू त्याच्यावर आडवी पडलीय, वासराजवळच्या गाईसारखी. पुढचं त्या दिवशी वाचलंच नाही.

पण खरे आभार चौदाव्या ऋचेचे. अहीला मारल्यावर इंद्राच्या काळजात भीती शिरते आणि तो घाबरलेल्या ससाण्यासारखा 99 नद्या ओलांडून पळतो. मी म्हटलं, हे गाळू, मुलांचा गोंधळ होईल. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवलंत. "गाळणार असशील तर खंड इथेच ठेवून जा."

नाही गाळली. काल तालमीत आमची इंद्र 9 निळ्या साड्यांवरून उड्या मारत विंगेत पळाली. ताडपत्रीच्या शेपटात बसणारा पहिलीतला पोरगा डोकं बाहेर काढून म्हणाला, "साप तर मेला. मग ही कुणाला घाबरली?"

मी तुमचंच उत्तर दिलं, की ऋषीही इंद्राला तेच विचारतोय, तू कुणाला पाहिलंस म्हणून. त्याला काही पटलं नाही. शनिवारी प्रयोगाला याल तेव्हा तो तुम्हाला गाठणार आहे.

तुमची,
चाळिशीत नाव घातलेली विद्यार्थिनी