सहलेखकांचे गणित

महोदय,

ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठापासून दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर, नदीपलीकडे वास्कोत ध्रुवीय संशोधन केंद्र. असा शेजार असताना आपल्या प्राध्यापकांनी एकेकट्याने का राबावे? उपकरणे, नमुने वाटून घेतले की काम सरकते.

शोधनिबंधांची संख्या मात्र फसवी. अमेरिकेतील ४४३ शास्त्रज्ञांवरील, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहकार्याबरोबर निबंध वाढलेले दिसले. श्रेय सहलेखकांत विभागताच तो संबंध ठळक राहिला नाही. आमच्या यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८चे नियम तर बढतीसाठी निबंध मोजताना दोघा लेखकांना प्रत्येकी ७० टक्के गुण देतात. एका निबंधाचे १४० टक्के! मग गोतावळ्यात एकमेकांची नावे घालण्याचा मोह कोणाला आवरेल? बढतीच्या अर्जात प्रत्येकाने नेमके काय केले, हे दोन ओळींत लिहून घ्यावे.

– एक निवृत्त प्राध्यापक, फोंडा